उजेड हवा, धग नको

दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीचे ढीग लागले की आधी नाकाला कळतं. ती मिरची वाळवणारं ऊन आता वीजही देतं. शेजारच्या साक्री तालुक्यात, शिवाजीनगरला, महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे.

गंमत अशी, की पॅनलला उजेड हवा, धग नको. त्याची क्षमता मोजतात २५ अंशांवर. पुढच्या प्रत्येक अंशाला वीज साधारण ०.४ टक्क्याने घटते. मे महिन्यात काच ६५ अंशांवर गेली, तर ४०० वॉटचं पॅनल ३४० वॉटच्या आसपास येतं. म्हणून पत्र्याला चिकटवू नका. खालून वारा खेळू द्या, धूळ पहाटे धुवा.

शिवाय मोठ्या प्रकल्पांना जमीन लागते. वीजप्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी झगडताना २०१८ मध्ये शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणच्या धर्मा पाटलांनी मंत्रालयात विष घेतलं, जीव गमावला. ते विसरता येत नाही.

गच्चीला आणि बचतीला कुणाचं शेत लागत नाही. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रात्रभर दहा तास फिरला तर जवळपास अर्धा युनिट वाचतो, तोही सूर्य नसताना.