सफरचंद सोडा, बाजार रंगवा

एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर हे वाचा, मुद्दे तेच आहेत.

'ऑइल पेंटिंग शिकायचंय, सुरुवात कशाने करू?' यूट्यूब म्हणतं, सफरचंद काढा. मी म्हणतो, गर्दीचा एखादा रस्ता घ्या आणि त्याची नक्कल करा. रेनेसाँच्या काळात युरोपातली पोरं गुरूच्या हाताखाली जुन्या चित्रांच्या नकला करतच तयार व्हायची. आणि गर्दीच्या रस्त्यासाठी व्हेनिसला जायला नको. अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात विश्वंतर जातक रंगवलंय. पाऊस आणणारा पांढरा हत्ती राजपुत्राने दान केला, म्हणून लोक चिडले आणि त्याला हद्दपार केलं. बायको आणि दोन मुलांना रथात घेऊन तो भर बाजारातून निघालाय, आणि दुकानदार बघतायत.

अजिंठ्याच्या नकला आधीही झाल्यात. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जायचे आणि भिंतीवरची चित्रं कॅनव्हासवर ऑइलमध्ये उतरवून घ्यायचे. पुढे नावाजलेले पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. त्याआधी मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून कितीतरी वर्षं घालवून केलेल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्स यांच्या टीमच्याही बऱ्याच प्रती १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. (सगळे बॅकअप एकाच शहरात!) उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. भिंतीवरचा गिलावा नंतर आणखी झडला, त्यामुळे काही तपशील आता फक्त त्या प्रतींमध्ये दिसतात. नकलेला हलकं काम म्हणणाऱ्यांना मी एवढंच ऐकवतो.

आता हात कसा चालवायचा ते. फोनवर चित्राचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा आणि भरपूर ब्लर करा. चेहरे गायब होतात आणि अंधाराचे, उजेडाचे पाचसहा मोठे डाग उरतात. पहिले ते मांडायचे, बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून. गर्दी म्हणजे पन्नास माणसं नसतात, चारपाच घोळके असतात. डोकी एकमेकांना झाकतात, नजरा एकाच दिशेला जातात, आणि तेवढ्यावर सगळं चित्र एकत्र राहतं. डोळे, दागिने सगळ्यात शेवटी.

मग थर. पाणी उडून जातं, तसं जवसाचं तेल उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून खालचा थर टर्पेंटाइनचा, कमी तेलाचा. वरचे थर जास्त तेलाचे. उलटं केलं तर वरचा थर आधी आवळतो आणि खालचा नंतर हलला की तडे जातात. आमच्या मलकापुरात (शाहूवाडीच्या, बुलढाण्याच्या नव्हे) पावसाळ्यात टॉवेल वाळत नाही, तिथं रंगाचं काय! अंबर लवकर वाळतो, टिटॅनियम व्हाइटचा जाड थर मात्र आठवडा आठवडा चिकट राहतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी अंबरचेच थर करतो, पांढरा दिवाळीनंतर.

हे मात्र नीट ऐका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं, आणि ढिगात ती अडकली की चिंध्या आपोआप पेटू शकतात. एकेक पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडीच, पाऊस आत आला तरी.

अजिंठ्याचे रंग तेलातले नाहीत, कोरड्या गिलाव्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात बांधलेले आहेत. म्हणजे आपण एका प्लॅटफॉर्मवरचं काम दुसऱ्यावर पोर्ट करतोय. तिथली जान रेषेत आहे. तेलात सगळं गुळगुळीत मिसळायचा मोह होतो, आणि तसं केलं की रेषा मरते. शेवटचा थर वाळू द्या, मग लांब केसांच्या बारीक ब्रशने, रंगात थोडं तेल घालून, एका दमात रेषा ओढा. खांद्यापासून हात फिरवा, मनगटापासून नको.