पीटवरचं जंगल : नफा नेमका कशात?

फिनलंडचा जवळजवळ एक तृतीयांश भूभाग मुळात दलदलीचा. हजारो वर्षं पाण्यात राहून अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे आणि पाल्यापाचोळ्याचे थर तिथे साचले आहेत. त्यालाच पीट म्हणतात. विसाव्या शतकात, मुख्यतः १९६० आणि १९७०च्या दशकांत, सरकारी मदतीने चर खणून यातलं निम्म्याच्या आसपास क्षेत्र लाकडासाठी कोरडं केलं गेलं. त्या काळातले काही समज अजून टिकून आहेत.

चर खणला की पडीक दलदल उत्पन्न देऊ लागते, हा त्यातला सर्वांत जुना. तो अर्धाच खरा आहे. देशातल्या लाकडाच्या वार्षिक वाढीचा सुमारे पाव वाटा आज पीटवरच्या जंगलांतून येतो. पण जिथे पोषणद्रव्यंच तुटपुंजी होती, तिथे पाणी निघून गेलं तरी पाइन खुरटेच राहिले. असं क्षेत्र लाखो हेक्टर आहे. तिथले चर पुन्हा उपसणं म्हणजे बुडीत खात्यात भर घालणं.

चर जितका खोल, तितकं झाड जोमदार, असंही मानलं जातं. प्रत्यक्षात उन्हाळ्यात पाणी जमिनीखाली ३०-४० सेंटिमीटरवर असलं की झाडाच्या मुळांना पुरतं. त्याहून खाली गेलं की हवा आत शिरते, पीट वेगाने कुजतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पीटमध्ये नायट्रोजन बहुधा मुबलक असतो, उणीव असते पोटॅशियम आणि फॉस्फरसची. त्यामुळे अशा जागी नव्या चरापेक्षा लाकडाची राख पसरणं अनेकदा जास्त फायद्याचं ठरतं.

सर्वांत महागात पडणारा समज मात्र तोडणीबद्दलचा आहे : सगळी झाडं एकदम तोडली की पैसा जास्त मिळतो. तोडणीच्या वर्षापुरतं ते खरं. पण उभी झाडं रोज जमिनीतलं पाणी ओढून हवेत सोडत असतात, तेही फुकट. ती गेली की पाणी वर चढतं. मग चर साफ करायचे, जमीन उकरून उंचवटे करायचे, रोपं लावायची. हा खर्च पहिल्याच वर्षी होतो आणि परतफेड दोन पिढ्यांनी. ३ टक्के व्याज धरलं, तर आज घातलेल्या १००० युरोंनी ७० वर्षांनी सुमारे ७९०० युरो परत द्यायला हवेत. थंड, ओल्या जमिनीत तेवढं लाकूड क्वचितच तयार होतं. शिवाय मोकळ्या झालेल्या पीटमधून गाळ आणि पोषणद्रव्यं वाहून तळ्यांत जातात. तो भुर्दंड मालकाच्या वहीत कुठेच दिसत नाही.

म्हणून मोठी झाडं निवडून काढायची आणि बाकीचं जंगल उभं ठेवायचं, हा मार्ग पुढे आला. २०१४पासून फिनलंडच्या वनकायद्याने त्याची वाट मोकळी केली. सावलीत तग धरणारा स्प्रूस जिथे आपोआप उगवतो, तिथे हे गणित चांगलं जुळतं. पाइनला ऊन लागतं, तिथे ते जुळवणं अवघड जातं. निवडक तोडणीत प्रत्येक घनमीटरमागे खर्चही जास्त येतो. यंत्रं पुन्हा पुन्हा आत न्यावी लागतात आणि मऊ पीटवर ती चालतात मुख्यतः जमीन गोठलेली असताना. हिवाळे उबदार होत असल्याने तोडणीचे ते दिवस कमी होत आहेत.