आज्ञावली आणि तिचे भाष्य

संस्कृतातील सूत्रे मुखोद्गत करावयाची असत. म्हणून ती अत्यंत संक्षिप्त रचली गेली, आणि त्या संक्षेपामुळेच त्यांना भाष्याची गरज पडली. संगणकाच्या आज्ञावलींचाही आरंभ काहीसा असाच झाला. १९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेत राशीचे नाव सहा अक्षरांहून मोठे चालत नसे. नावावरून अर्थ उमगत नसल्यामुळे आज्ञांमध्ये जागोजागी खुलाशाच्या टिपा घालणे प्राप्तच होते.

पुढे ही अडचण सरली. १९६० साली सिद्ध झालेल्या कोबोल भाषेने तीस अक्षरांपर्यंतची नावे चालविली; आजच्या भाषांत तर नाव हवे तेवढे अर्थपूर्ण ठेवता येते. तरीही दुर्बोध आज्ञा लिहावी आणि तिच्यावर टीप चिकटवावी, ही सवय मात्र टिकून आहे.

या सवयीतील धोका एका साध्या उदाहरणाने ध्यानी येईल. एखाद्या ग्रंथालयाच्या आज्ञावलीत 'क = ख × ५०' अशी ओळ आहे आणि शेजारी टीप आहे: उशिराच्या प्रत्येक दिवसास पन्नास पैसे दंड. पुढे दंड एक रुपया होतो. कोणी पन्नासाचे शंभर करतो, टीप मात्र तशीच राहते. यंत्र टीप वाचीत नाही. त्यामुळे ती खोटी ठरली तरी कोठेच काही अडत नाही. वर्षभराने आलेला नवा माणूस टिपेवर विश्वास ठेवतो, शंभर ही चूक समजून पुन्हा पन्नास करतो, आणि सारा हिशेब बिघडतो.

त्याऐवजी 'दंड = उशिराचे दिवस × दररोजचा दंड' असे लिहिले, आणि दर एकाच ठिकाणी नोंदविला, तर टीपच लागत नाही. ब्रायन कर्निघन आणि पी. जे. प्लॉगर यांनी १९७४ च्या आपल्या पुस्तकात हाच उपदेश केला: वाईट आज्ञावलीवर टिपा लिहीत बसू नये, ती नव्याने लिहावी.

म्हणून टीप सर्वस्वी निरुपयोगी ठरते असे नव्हे. सुटीचे दिवस दंडातून वगळले आहेत, हे आज्ञाच सांगेल. ते का वगळले, हे ती सांगू शकत नाही. 'काय' आणि 'कसे' हे आज्ञेने सांगावे. 'का' एवढेच टिपेसाठी राखावे.

आज्ञावली पुष्कळदा आपल्या कर्त्याहून अधिक काळ सेवेत राहते. वर्षाचे केवळ दोनच अंक नोंदविणाऱ्या जुन्या आज्ञावली इ. स. २००० पूर्वी दुरुस्त कराव्या लागल्या, तेव्हा त्या कामाचा मोठा वाटा भारतीय तंत्रज्ञांनी उचलला. कित्येक दशकांपूर्वी परक्यांनी लिहिलेल्या ओळींचा अर्थ त्यांना लावावयाचा होता, आणि विचारावे तर मूळ लेखक जवळ नव्हता. आज लिहिली जाणारी आज्ञावलीही उद्या अशाच एखाद्या अनोळखी वाचकाच्या हाती पडणार आहे.