लायपोप्रोटीनमधील ई जीवनसत्त्वाचे मोजमाप

जीवनसत्त्व आणि त्याची वाहने

ई जीवनसत्त्व हे आठ संयुगांचे सामाईक नाव आहे: चार टोकोफेरॉल आणि चार टोकोट्रायनॉल. यकृतातील एक विशिष्ट प्रथिन त्यांतून अल्फा-टोकोफेरॉल निवडून घेते, म्हणून रक्तात तेच प्रामुख्याने आढळते. ते पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे आतड्यातून कायलोमायक्रॉन, यकृतातून व्हीएलडीएल आणि पुढे एलडीएल व एचडीएल हे मेदवाहक कण, म्हणजेच लायपोप्रोटीन, ते वाहून नेतात. एलडीएलच्या एका कणात त्याचे सरासरी सहा रेणू असतात. कणातील मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण रोखणे हे त्यांचे कार्य.

कण वेगळे करणे

उपाशीपोटी घेतलेल्या रक्ताच्या प्लाझ्मात पोटॅशियम ब्रोमाइड मिसळून घनता वाढवतात आणि तो अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. मेद जितका जास्त, तितका कण हलका. व्हीएलडीएलची घनता १.००६ ग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी, एलडीएलची १.०१९ ते १.०६३, तर एचडीएलची १.०६३ ते १.२१ असते. कॅरोटिनॉइडमुळे एलडीएलचा थर नळीत नारिंगी-पिवळा दिसतो.

मोजणी

वेगळ्या केलेल्या थरातील प्रथिने इथेनॉलने साकळतात आणि जीवनसत्त्व हेक्झेन या द्रावकात उतरते. या प्रक्रियेतील घट कळावी म्हणून टोकोफेरिल ॲसिटेट ठरावीक प्रमाणात आधीच मिसळलेले असते. हेक्झेन उडवून उरलेला अंश पुन्हा विरघळवतात व एचपीएलसी यंत्राच्या स्तंभातून सोडतात. अल्फा-टोकोफेरॉल २९२ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषते. त्यावरून त्याचे प्रमाण ठरते.

आकड्याचा अर्थ

प्रौढांच्या रक्तात १२ मायक्रोमोल प्रति लिटरपेक्षा कमी पातळी ही सामान्यतः उणीव मानतात. मात्र रक्तात मेद वाढला की वाहने वाढतात आणि जीवनसत्त्वाचा आकडाही फुगतो. खरी उणीव त्याआड लपू शकते. म्हणून एकूण मेदाशी असलेले गुणोत्तर पाहतात. एक ग्रॅम मेदामागे ०.८ मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रमाण उणीव दर्शवते.

उपयोग

अबेटालायपोप्रोटीनेमिया या आनुवंशिक विकारात वाहक कणच नीट तयार होत नाहीत. यकृतातील निवड करणारे प्रथिन सदोष असल्यास कण असतात, पण त्यांत जीवनसत्त्व फारच कमी भरले जाते. दोन्हींत चालताना तोल जातो. कण व जीवनसत्त्व यांची एकत्र तपासणी केल्यास दोष कोठे आहे याचा माग लागतो.

मर्यादा

प्रकाश आणि हवेमुळे टोकोफेरॉलचा ऱ्हास होतो, म्हणून नमुना अंधारात व थंड ठेवावा लागतो. ते एका कणातून दुसऱ्या कणात जात असल्याने विलगीकरणास विलंब झाला तर मूळ वाटणी बदलते. शिवाय शरीरातील बहुतेक साठा चरबीच्या ऊतीत असतो आणि रक्तातील पातळीवरून त्याचा नेमका अंदाज येत नाही.