हरिहरेश्वरात पीबीची (स्वतःच्या सर्वोत्तम वेळेची) तयारी
हरिहरेश्वर ते बागमांडला जेट्टी हा रस्ता पळायला झकास! पण इथली वेळ पुण्याच्या वेळेशी ताडून बघू नका. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापतं आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. उजाडतानाच निघा. देवळामागचा प्रदक्षिणेचा मार्ग मात्र फक्त चालायचा. तिथे पायऱ्या, निसरडे खडक आणि भरतीचं पाणी.

१० किलोमीटर तासाच्या आत हवेत? पहिले दोन किलोमीटरला ६:१० मिनिटांनी, पुढचे सहाच्या आत, शेवटी उरलीसुरली ताकद. तुलनेला, बीडचा धावपटू अविनाश साबळे यानं २०२० साली दिल्लीत अर्धमॅरेथॉन ६० मिनिटं ३० सेकंदांत मारली, म्हणजे किलोमीटरला २:५२! (मी त्या वेगानं शंभर मीटरसुद्धा टिकणार नाही.)

आदल्या रात्री सोलकढी चालेल, झणझणीत कालवण नको.