संगणकावरील तांत्रिक आरेखन : पहिले धडे

बोरगावच्या औद्योगिक क्षेत्राकडे पाहून पालक आम्हां शिक्षकांना हमखास विचारतात, "सर, दहावीनंतर पोराला कॅड लावून द्यावे काय?" कर्ज काढून फी भरण्यापूर्वी ही विद्या काय आहे, हे घरातील सर्वांनी समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

ज्या नकाशावरून कारागीर पत्रा कापतो किंवा गवंडी भिंत उभारतो, तो नकाशा संगणकावर काढणे म्हणजे कॅड. अमेरिकेत इव्हान सदरलँड यांनी १९६३ साली आपल्या 'स्केचपॅड' या प्रबंधाद्वारे प्रकाशलेखणीने पडद्यावर आकृती काढून दाखविली. १९८२ साली 'ऑटोकॅड' आले आणि हळूहळू ड्रॉइंग बोर्ड व टी-स्क्वेअर मागे पडले.

हिचा पाया मात्र शाळेतील आलेखाचाच आहे. समजा, १०० मिलिमीटर लांब व ६० मिलिमीटर रुंद अशी पट्टी काढावयाची आहे. पहिला बिंदू (०, ०), मग (१००, ०), (१००, ६०), (०, ६०) आणि पुन्हा (०, ०). मधोमध २० मिलिमीटर व्यासाचे छिद्र हवे, तर केंद्र (५०, ३०) आणि त्रिज्या १०. झाली आकृती!

नवशिक्याने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, संगणकात वस्तू खऱ्या मापानेच काढावी; लहान करावयाची ती छापताना. १२ मीटरची शेड १:५० प्रमाणात २४ सेंटिमीटर होते आणि ए-फोर कागदावर आडवी मावते. दुसरी, रेषांची टोके 'स्नॅप'ने नेमकी जुळवावीत. डोळ्यांना न दिसणारी फट राहिली, तरी आकृती बंद होत नाही. तिसरी, भिंती, मापे व वीजजोडणी निरनिराळ्या थरांवर ठेवावी. म्हणजे एक बदलताना दुसरे बिघडत नाही.

परंतु वस्तू समोरून, वरून व बाजूने कशी दिसेल, हे संगणक आपल्यासाठी ठरवीत नाही. आपल्याकडील रूढ प्रथम-कोन पद्धतीत वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात. हे ज्याला उमगले नाही, त्याच्या हाती महागडा संगणक देऊनही उपयोग नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : प्रथम वही, पट्टी व पेन्सिल घेऊन घरातील पाट, पेटी, खिडकी मोजावी आणि तिन्ही दृश्ये काढावीत. मग 'लिब्रेकॅड' किंवा 'फ्रीकॅड' ही विनामूल्य साधने घ्यावीत. गोडी टिकली, तर आयटीआयमधील ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहेच. मुलींनाही तो तितकाच खुला आहे. न्यासाच्या सभासदांपैकी ज्यांच्या घरी संगणक रिकामा पडून असेल, त्यांनी तो अशा एखाद्या होतकरू मुला-मुलीला सायंकाळी तासभर वापरू दिला, तर महोत्सवाचे सार्थक होईल.