आकाशवाणीच्या संगीतधोरणातील स्थित्यंतर (१९५२–१९५७) : एक आकलन

प्रस्तावना : नभोवाणी केंद्राने कोणते संगीत प्रक्षेपित करावे, हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नसून श्रोत्याच्या निवडस्वातंत्र्याचाही आहे. प्रस्तुत लेखात आकाशवाणीच्या अनुभवाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

विवेचन : १९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताला आश्रय देण्याच्या भूमिकेतून चित्रपटगीतांचा वाटा घटविण्यात आला. पुढे निर्मात्यांशी वाद होऊन ही गीते जवळजवळ बंदच झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. लघुलहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. त्यामुळे तेव्हा हैदराबाद राज्यात असलेल्या पाटोद्यासारख्या गावीही, रेडिओ संच असेल तेथे, कोलंबो ऐकणे शक्य होते.

धोरणाची दुसरी बाजूही लक्षणीय आहे. चित्रपटगीतांना पर्याय म्हणून सुगम संगीतास उत्तेजन मिळाले. पुणे केंद्रावरील ५६ गीतांचे ‘गीतरामायण’ (१९५५-५६) याच काळातील होय. मात्र त्याचे कवी ग. दि. माडगूळकर व संगीतकार सुधीर फडके हे दोघेही चित्रपटसृष्टीत नावाजलेले होते.

अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि चित्रपटगीते आकाशवाणीवर परतली.

निष्कर्ष : पर्याय उपलब्ध असता बंदीने अभिरुची घडत नाही, श्रोता केंद्र बदलतो. अभिरुची घडते ती सकस निर्मितीमुळे. बीडसारख्या जिल्हा केंद्राने लोकसंगीतास स्थान देतानाही हेच सूत्र स्वीकारणे हितावह ठरेल.